महिन्याच्या किराणा यादीतून घरचा आहार कसा सुधारावा

घरात काय शिजणार, हे बरंचसं एक तारखेच्या आसपास वाण्याकडे दिलेल्या यादीतच ठरून जातं. पाच लिटर तेलाचा डबा आला, की तो महिनाअखेरीला संपतोच. मग रोज कढईपुढे उभं राहून मनाला आवर घालण्यापेक्षा महिन्यातून एकदा यादीला हात घातलेला सोपा.

आधी गेल्या दोन-तीन महिन्यांची बिलं काढा. ऑनलाइन मागवत असाल तर ती फोनमध्येच सापडतील. बिलातून पाचच गोष्टींचे आकडे उतरवून घ्या: तेल-तूप, साखर-गूळ, मीठ, डाळी-कडधान्यं आणि धान्य. बिस्किटं, फरसाण, नूडल्स यांची वेगळी बेरीज करा. हा कागद घरातल्या सगळ्यांना दाखवा, नुसता स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला नको.

आता हे आकडे ताडून पाहायचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 2,000 किलोकॅलरीच्या दिवसभराच्या आहारासाठी साधारण 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं (अंडी, मासे, मटण खाणाऱ्यांचं तेही यातच), 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 300 मिलिलिटर दूध किंवा दही, 35 ग्रॅम दाणे-तेलबिया आणि 27 ग्रॅम तेल-तूप असा हिशेब आहे. घरात चार मोठी माणसं आणि महिना तीस दिवसांचा धरा. तेल-तूप मिळून सव्वातीन किलो होतं, म्हणजे साधारण साडेतीन लिटर. डाळी-कडधान्यं मात्र दहा किलो!

बहुतेकांची बोटं इथेच अडतात. तेल दीडपट आणि डाळ निम्मी, असं चित्र दिसलं तर दचकू नका. आमटीला पातेलंभर पाणी आणि तळाशी मूठभर डाळ, ही आपली जुनी काटकसर आहे.

डाळी-कडधान्यं वाढवा, पण बेताने

एकदम दहा किलो आणू नका. पोट फुगेल आणि घरचे वैतागतील. दर महिन्याला किलो-दीड किलो वाढवत न्या. यादीत नुसती तूरडाळ न वाढवता मटकी, मूग, चवळी, मसूर, वाल, कुळीथ, हरभरे लिहा. दर आठवड्याला दोन दिवस नाश्त्याला उसळ, एक दिवस मुगाची धिरडी, एखाद्या रात्री पिठलं किंवा कुळथाची पिठी, की बराच पल्ला गाठला. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट यांतही डाळी असतात, त्याही मोजा. कडधान्य रात्री भिजवा, सकाळी उपसून फडक्यात बांधा. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड येतात, थंडीत आणखी एक रात्र लागते. गॅसेसचा त्रास होत असेल तर भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि फोडणीत हिंग घाला.

उपासाच्या दिवसांचा वेगळा विचार हवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. खिचडीत जीव असतो तो दाण्याच्या कुटाचा. साबुदाणा निम्मा करून वरईचे तांदूळ आणि दही लिहा.

तेलाचं माप डब्यावर ठेवा

महिन्याचं साडेतीन लिटर तेल-तूप एकदाच बाजूला काढा. तुपाचा वाटा त्यातून आधी वजा करा. रोजच्या बुधलीत आठवड्याचंच तेल भरा. बुधवारीच ती तळाला गेली, तर गुरुवारपासून भाजीची फोडणी आपोआप लहान होते. तळण करायला बंदी नाही, पण ते याच तेलातून. दिवाळीच्या महिन्यात हा हिशेब मोडणार, मोडू द्या. चकलीला तोलून तेल घालणाऱ्या घरी फराळाला कोणी जाऊ नये. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल असं तेल आलटून पालटून आणलेलं चांगलं.

मीठ आणि साखर

जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे चौघांना महिन्याला 600 ग्रॅमदेखील नको, आणि लोणचं, पापड, फरसाण, पाव यांतलं मीठही त्यातच आलं. किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर पहिली काट पापड-लोणच्याला लावा. सैंधव ‘नैसर्गिक’ म्हणून वाटेल तेवढं वापरू नका, त्यातही सोडियमच असतं. रोजच्या वापरात आयोडीनयुक्त मीठच ठेवा. रक्तदाबासाठी मिळणारं कमी सोडियमचं मीठ मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

साखर माणशी दिवसाला 25 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट सहा चमचे. चहाचे तीन कप आणि प्रत्येकात दोन चमचे, की मर्यादा गाठलीच. गुळाचा चहा घेतला तरी हिशेब तोच. बिस्किटांच्या पुड्यावर ‘मल्टिग्रेन’ लिहिलेलं असलं तरी मागची घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिला मैदा आणि दुसरी साखर असेल तर पुड्यावरचं नाव कितीही पौष्टिक असो, आत मैदा-साखरच जास्त.

धान्यात अदलाबदल

इथे फार डोकं लावायला नको. गहू-तांदळातला तिसरा हिस्सा कमी करा आणि त्या जागी ज्वारी, बाजरी, नाचणी लिहा. भाकरी थापता येत नसेल तर नाचणीची आंबील किंवा घावन चालतं. नाचणीत दर 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, हा तिचा मोठा गुण.

भाजी पायी जाऊन आणा

चौघांना दिवसाला 1.6 किलो भाज्या लागतात, त्या महिन्याच्या यादीत बसत नाहीत. मंडई चालत जाण्याच्या अंतरावर असेल तर दिवसाआड पिशवी घेऊन निघा. मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान 150 मिनिटं झपझप चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मंडईच्या फेऱ्या त्यात धरा आणि उरलेली मिनिटं रात्रीच्या शतपावलीत भरून काढा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर रक्तातली साखर कमी उसळते.

मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा गरोदरपण असेल तर ही मापं डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवून बदलून घ्या. लहान मुलांचे आकडेही वेगळे असतात.

पुढची यादी लिहिण्याआधी डबे उघडून बघा. मटकी तशीच पडून असेल तर पुन्हा मटकी न लिहिता मसूर लिहा, आणि तेल उरलं असेल तर तेवढं यादीतून वजा करा.