बाळाची वापरून झालेली खेळणी आणि सामान मार्गी कसे लावावे

मूल अडीच-तीन वर्षांचे होईपर्यंत घरात त्याच्या सामानाची भर पडतच राहते. पुण्यातल्या दोन खोल्यांच्या सदनिकेत बाबागाडी गॅलरीत उभी असते, पाळण्याचे कठडे पलंगामागे सरकवलेले असतात, अंघोळीचा टब माळ्यावर जातो आणि खेळण्यांच्या पिशव्या मिळेल त्या कोपऱ्यात बसतात. यातील बऱ्याच वस्तू जेमतेम काही महिने वापरलेल्या असल्यामुळे त्या दुसऱ्या बाळाच्या कामी येऊ शकतात, आणि त्या तशा याव्यात अशी बहुतेक पालकांची मनापासून इच्छाही असते. मात्र अनेक घरांत आधी एखादी संस्था शोधली जाते, सगळे एका पोत्यात भरून तिथे पोहोचवले जाते आणि काय वापरायचे, काय टाकायचे हा निवाडा घेणाऱ्यावर सोपवला जातो. हा निवाडा देणाऱ्याने घरीच करायला हवा, कारण वस्तूचा इतिहास त्यालाच ठाऊक असतो.

पहिली पायरी : वेळ निवडा आणि काय ठेवायचे ते ठरवा

पुण्यात जून ते सप्टेंबर या काळात हे काम काढू नये. धुतलेले कापडी खेळणे पावसाळ्यात आतून वाळत नाही आणि बंद पिशवीत त्याला बुरशी येते. ऑक्टोबरचे ऊन किंवा फेब्रुवारीनंतरचे कोरडे दिवस यासाठी उत्तम. दिवाळीच्या साफसफाईत सगळेच जण एकाच वेळी सामान बाहेर काढतात, म्हणून शक्य असेल तर नवरात्राच्या सुमारासच सुरुवात करावी.

दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर काय राखून ठेवायचे हे पती-पत्नीने आधी मोकळेपणाने बोलून घ्यावे. घराण्यातला लाकडी पाळणा, आजीने शिवलेली गोधडी, बारशाची कुंची आणि पहिले झबले यांसाठी एक पेटी ठरवावी. ती भरली की ठेवणे थांबवावे. अशा कपड्यांत वाळवीला आणि कसरीला अटकाव म्हणून डांबराच्या गोळ्या घालण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, परंतु बाळाच्या कपड्यांत त्या कधीही घालू नयेत. त्यांतील नॅफ्थॅलीन कपड्यात मुरते, आणि ज्या बाळांच्या शरीरात जन्मतः ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची कमतरता असते त्यांच्या तांबड्या रक्तपेशी त्यामुळे फुटून गंभीर कावीळ व रक्तक्षय होऊ शकतो. त्याऐवजी कपडे पूर्ण वाळवून, वेखंडाचे तुकडे कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवावेत.

तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला त्याची खेळणी त्याच्या नकळत देऊन टाकू नयेत. त्याला चार खेळणी समोर ठेवून त्यांतील कोणती धाकट्या मावसभावाला द्यायची हे निवडू द्यावे. मुले अशी निवड आपल्या अपेक्षेपेक्षा सहज करतात.

दुसरी पायरी : दुसऱ्या बाळाच्या हाती देता येणार नाही ते वेगळे काढा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा आणि ती दिवसाउजेडी करावी. जमिनीवर चादर पसरून प्रत्येक वस्तू हातात घ्यावी. खुळखुळा घेतला तर तो कानाशी नेऊन हलवावा, दोन्ही हातांनी धरून किंचित पिळावा आणि जोडाच्या रेषेवरून नख फिरवावे. नख अडकले तर तो जोड उकलू लागला आहे आणि आतले मणी केव्हाही बाहेर येतील असे समजावे. भावलीचे डोळे, गाडीची चाके, शिट्टीची पुंगी हे सगळे ओढून पाहावे. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची तपासणी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीने करतात आणि तीत पूर्ण मावणारा तुकडा घशात अडकण्याजोगा मानतात. घरी टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी वापरावी. ती थोडी रुंद असल्यामुळे तपासणी अधिक कडक होते, आणि ते बरेच आहे. ओढून न्यायच्या खेळण्याची दोरी एका वितीपेक्षा लांब असेल तर ती कापून आखूड करावी.

बॅटरीच्या खेळण्यांकडे विशेष लक्ष द्यावे. झाकण उघडल्यावर पट्ट्यांवर पांढरट किंवा हिरवट पूड दिसली तर सेल गळलेला असतो. ते खेळणे कोणालाही देऊ नये. गाणी वाजवणारी पुस्तके, चमकणारे भोवरे आणि छोटी रिमोटे यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. तो गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही तिथे खोल भाजल्यासारखी जखम होऊ शकते. त्याचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर सेल काढून, त्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो वेगळा ठेवावा आणि खेळणे बाद करावे.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणे सक्तीचे झाले. त्याआधीच्या किंवा रस्त्यावरून घेतलेल्या खेळण्यांवर ते नसेल, म्हणून ती सगळीच वाईट ठरत नाहीत; नोंदणीकृत हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना तर या सक्तीतून सूट आहे. तरीही रंग पापुद्र्यांनी निघत असेल, किंवा मऊ प्लॅस्टिक चिकट होऊन त्याला उग्र वास येत असेल, तर ते तोंडात घालणाऱ्या वयाच्या बाळाला देऊ नये. भोक असलेली अंघोळीची रबरी बदके आतून काळी पडतात आणि साफ होत नाहीत.

मोठ्या सामानात सर्वांत आधी वॉकरचा निर्णय घ्यावा, आणि तो मोडून टाकण्याचाच घ्यावा असे माझे ठाम मत आहे. बाळ मध्ये बसून पायांनी ढकलते तो चाकांचा वॉकर काही क्षणांत जिन्यापर्यंत किंवा शेगडीपर्यंत पोहोचतो. त्याने मूल लवकर चालू लागते हा समजही खरा नाही. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा मूल मागे उभे राहून स्वतःच्या पायांवर ढकलते, त्यामुळे त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याची चाके आणि खिळे घट्ट असतील तर तो आनंदाने द्यावा.

कठड्याच्या खाटेच्या दोन दांड्यांमधले अंतर ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावे आणि गादी व कठडा यांच्यामध्ये दोन बोटांहून अधिक फट राहू नये. एक बाजू खाली सरकणाऱ्या खाटा अमेरिकेत २०११ पासून विकता येत नाहीत, कारण ती बाजू निखळून बाळे फटीत अडकली होती. अशी खाट घरी असेल तर तिची लाकडे दुसऱ्या कामाला लावावीत. कारमधील बाळाच्या आसनावर उत्पादनाची तारीख असते आणि बहुतेक कंपन्या ६ ते १० वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेले किंवा अपघातात सापडलेले आसन बाहेरून कितीही नवे दिसले तरी बाद समजावे. पुण्यात दुचाकीवर मुलाला घेऊन जाण्याचे प्रमाण मोठे असल्यामुळे हाच नियम छोट्या हेल्मेटलाही लावावा. आपटलेले हेल्मेट पुढे देऊ नये. बाबागाडीची घडी घालताना बिजागरी कुठे मिटते, तिथे बोट सापडते का, उघडल्यावर खिट्टी आपोआप बसते का आणि उतारावर ब्रेक धरतो का, हे सगळे पाहावे. आपल्या पदपथांवर चाकांचे हाल होतातच. चाके बदलता येतात, पण ढिली खिट्टी दुरुस्त होत नसेल तर गाडी देऊ नये.

तिसरी पायरी : स्वच्छ करा

कडक प्लॅस्टिकची खेळणी साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासून उन्हात वाळवावीत. कापडी खेळणी उशीच्या अभ्र्यात बांधून यंत्रात धुता येतात. लाकडी खेळणी भिजवू नयेत. ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडी करावीत. आधी डांबराच्या गोळ्यांत ठेवलेली दुपटी व झबली पुन्हा धुवून, वास पूर्ण जाईपर्यंत मोकळ्या हवेत ठेवल्याशिवाय कोणालाही देऊ नयेत.

चौथी पायरी : कोणाला द्यायचे ते ठरवा

शोध घरापासून सुरू करावा. नात्यातील किंवा इमारतीतील बाळाला दिलेली वस्तू नीट वापरली जाते, आणि काही कमीजास्त असल्यास सांगताही येते. आपल्याकडे नवजात बाळाला धुवून मऊ झालेली जुनी झबली घालण्याची पद्धत अनेक घरांत आजही आहे. त्यामुळे जुने कसे द्यायचे हा संकोच बाळगण्याचे कारण नाही. गृहसंस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर छायाचित्र, बाळाचे वय आणि वस्तूतील उणीव स्पष्ट लिहून टाकले तर बाबागाडी बहुधा त्याच संध्याकाळी जाते.

घरकामाला येणाऱ्या मावशींना देताना मात्र विशेष जपावे. ‘हे घेऊन जा’ म्हटल्यावर नाही म्हणणे त्यांना अवघड जाते आणि नको असलेला पसारा त्यांच्या लहानशा घरात जाऊन पडतो. ‘मावशी, तुमच्या नातवाला यातले काय हवे ते बघा, बाकीचे मी दुसरीकडे देणार आहे,’ असे म्हणून सगळे धुतलेले सामान मांडावे आणि त्यांना निवडू द्यावे. मोठी वस्तू असेल तर ती त्यांच्या घरापर्यंत पोहोचवण्याची रिक्षाही आपणच करून द्यावी.

तीन ते सहा वयोगटाची ठोकळे, कोडी, चित्रांची पुस्तके आणि भातुकली यांसाठी जवळची अंगणवाडी हे अतिशय योग्य ठिकाण आहे. तिथे खेळणी एका मुलाची न होता रोज अनेक मुलांच्या हातून जातात, म्हणून मजबूत आणि पूर्ण संच असलेलीच द्यावीत. आधी सेविकाताईंना भेटून जागा आणि गरज विचारावी. बांधकामांवरील मजुरांच्या मुलांसाठी पुण्यात १९९३ पासून काम करणारी ‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था किंवा ससून रुग्णालयाच्या मित्रमंडळाचे, म्हणजे ‘सोफोश’चे, ‘श्रीवत्स’ बालसंगोपन केंद्र अशा ठिकाणी देण्याचा विचार असेल तर आधी फोन करून नेमके काय हवे आहे ते विचारावे. पुष्कळदा जुन्या टेडीपेक्षा न उघडलेली डायपरची पाकिटे आणि साबण यांची त्यांना अधिक गरज असते.

काही वस्तू मात्र दानातून वगळाव्यात. वापरलेल्या दुधाच्या बाटल्या, बूच आणि चोखण्या कोणालाही देऊ नयेत. नव्या बाटल्यांच्या बाबतीतही १९९२ च्या कायद्याने अनाथालयाखेरीज इतरांना त्यांचे दान करण्यास मनाई केली आहे, कारण त्यामुळे स्तनपान मागे पडते. एकाच आईने वापरण्यासाठी बनवलेला दूध काढण्याचा पंपही दुसरीला देऊ नये.

पाचवी पायरी : विकायचे असेल तर

महागडी बाबागाडी, कारमधले आसन, लाकडी खाट आणि जेवणाची उंच खुर्ची यांना चांगला भाव येतो. सुटी खेळणी एकेक करून विकण्यात वेळच जातो, त्यांचा एकत्र संच करावा. ओएलएक्ससारख्या ठिकाणी जाहिरात दिल्यावर, न पाहताच वस्तू घ्यायला तयार होणाऱ्या आणि ‘पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. व्यवहार इमारतीच्या फाटकाशी, दिवसा करावा. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही अशा वस्तू दिसतात, पण तिथे भाव फारसा मिळत नाही.

सहावी पायरी : बाद ठरलेल्या वस्तू

वॉकर, मुदत संपलेले आसन आणि सदोष खाट तशीच कचराकुंडीशेजारी ठेवली तर कोणीतरी ती उचलून वापरणार, हे निश्चित आहे. म्हणून आसनाचे पट्टे कापावेत, वॉकरची चाके काढावीत आणि कवचावर ठळक अक्षरांत ‘वापरू नये’ असे लिहावे. त्यानंतर धातू आणि कडक प्लॅस्टिक वेगळे करून भंगारवाल्याला द्यावे. एकजात प्लॅस्टिक तो घेतो, स्क्रू आणि स्प्रिंगा अडकलेले घ्यायला कुरकुरतो.

पुणे महापालिकेच्या हद्दीत घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेमार्फत जुन्या वस्तूंच्या आणि ई-कचऱ्याच्या संकलन मोहिमाही होतात. आपल्याकडे येणाऱ्या ताईंनाच पुढची तारीख विचारावी. ‘पूर्णम इकोव्हिजन’ ही संस्थाही शहरात ई-कचरा आणि प्लॅस्टिक गोळा करण्याच्या मोहिमा घेते. २०२३ च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नियमांनुसार विजेची आणि इलेक्ट्रॉनिक खेळणी ई-कचऱ्यात मोडतात, त्यामुळे ती सुक्या कचऱ्यात टाकू नयेत. वापरलेले डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, म्हणजे ते पुडके काय आहे हे उघडण्यापूर्वीच कचरावेचक ताईंना कळते. थंडीच्या दिवसांत शेकोटीत प्लॅस्टिकची खेळणी टाकण्याचा प्रकार शहरात दिसतो. तो कोणालाही करू देऊ नये, कारण पीव्हीसी जळताना अतिशय विषारी धूर होतो.

सातवी पायरी : हाती सोपवताना

खाट किंवा पाळणा सुटा करण्यापूर्वी प्रत्येक जोडाचे छायाचित्र काढावे. सगळे स्क्रू, नट आणि अ‍ॅलन चावी एका जाड पिशवीत घालून ती कठड्यालाच दोऱ्याने घट्ट बांधावी. हरवलेल्या एका स्क्रूच्या जागी भलताच खिळा ठोकला जातो आणि चांगली खाट धोक्याची होते. एका चिठ्ठीवर खरेदीचे वर्ष, किती वजनाच्या किंवा वयाच्या बाळापर्यंत वापरायचे, कोणता भाग बदलला आहे आणि कोणता भाग लवकरच बदलावा लागेल, हे लिहून ती सोबत द्यावी. माहितीपुस्तिका सापडली नाही तर कंपनीच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घेऊन पाठवावी. बाबागाडी न्यायला जो कोणी येईल त्याला घडी घालून आणि उघडून एकदा दाखवावे, आणि मग त्याच्याकडूनही एकदा करून घ्यावे.