टॅब बरोबर, तरी गाणं वेगळंच का वाजतं? कॅनेडियन रॉक शिकताना या चुका टाळा

गिटारवर बोटं टॅबप्रमाणे (कोणत्या तारेवर कितव्या फ्रेटला, म्हणजे पट्टीला, दाबायचं ते आकड्यांत दाखवणारं लेखन) पडतायत, पण रेकॉर्डशी काही जुळत नाही, अशी तक्रार असेल तर दोष बहुतेक वेळा बोटांत नसतो. तारा कोणत्या सुरांना लावल्या होत्या, आवाज कशातून काढला होता, मात्रा कशा मोजायच्या, हे बऱ्याचदा टॅबमध्ये लिहिलेलं नसतं. गाणं कसं तयार झालं ते वाचलं की यातलं बरंच हाती लागतं.

तारा न उतरवता ‘सिनॅमन गर्ल’ वाजवणं

नील यंगच्या या गाण्याचं (१९६९) ट्यूनिंग आहे डी-ए-डी-जी-बी-डी. म्हणजे पहिली आणि सहावी, दोन्ही तारा ‘ई’वरून ‘डी’वर उतरवलेल्या. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) वाजतो, पण खालचा ‘डी’ मिळतच नाही आणि सगळं पोकळ वाटतं. ट्यूनर नसला तरी हरकत नाही. सहावी तार बाराव्या फ्रेटवर दाबून तिचा सूर मोकळ्या चौथ्या तारेशी जुळवा. मोकळी पहिली तार दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटशी जुळवा.

इथे हमखास दोन गोष्टी बिघडतात. गिटारला तरंगता ट्रेमोलो ब्रिज (तारा अडकवायचा, स्प्रिंगवर तोललेला हलता भाग) असेल तर दोन तारांचा ताण कमी होताच स्प्रिंग ब्रिजला मागे ओढतात आणि उरलेल्या चार तारा चढ्या लागतात. मग सगळ्या तारा पुन्हा लावा, दोन-तीन फेऱ्या कराव्या लागतात. दुसरं म्हणजे तारांचा ०.००९ इंचाचा (सर्वांत बारीक तारेची जाडी) पातळ सेट असेल तर उतरलेली सहावी तार सैल पडते आणि जोरात मारली की क्षणभर सूर वर जातो. ०.०१० चा सेट घाला, नाहीतर उजवा हात आवरा. शिवाय उतरवलेल्या तारेवर प्रत्येक सूर दोन फ्रेट पुढे सरकतो. ‘जी’ तिसऱ्या नव्हे, पाचव्या फ्रेटवर.

सोलोत तर जवळजवळ एकच ‘डी’ पुन्हा पुन्हा येतो. हे गाणं आणि आणखी दोन मोठी गाणी यंगने तापाने फणफणलेला असताना एकाच दिवसात लिहिली. तिथे बोटांची कसरत शोधू नका. प्रत्येक आघात जरा वेगळा पडला पाहिजे, सोलोची सगळी मजा तेवढ्यातच आहे आणि ते दिसतं त्यापेक्षा बरंच अवघड आहे.

‘अमेरिकन वुमन’वर डिस्टॉर्शन ओतणं

आधी कुठली आवृत्ती शिकताय ते तपासा. ऑनलाइन मिळणारे बरेच टॅब लेनी क्रॅविट्झच्या १९९९च्या आवृत्तीचे असतात. ती मूळ गाण्यापेक्षा संथ आहे आणि मांडणीही वेगळी. कॅनडातल्या विनिपेगच्या ‘द गेस हू’ या बँडचं मूळ गाणं १९७०चं. अल्बमवर सुरुवातीला अकूस्टिक ब्लूजचा तुकडा आहे, रेडिओसाठीच्या सिंगलमध्ये तो कापलेला आहे. त्यामुळे ‘माझ्या टॅबची सुरुवातच चुकली’ असं वाटण्याआधी कोणतं रेकॉर्डिंग ऐकताय ते बघा.

रिफ सुचला तो चालू कार्यक्रमात. गिटारवादक रँडी बॅकमनची तार तुटली, नवी लावून सूर जुळवताना तो काही स्वर छेडत बसला, बाकीचे एकेक करून त्यात आले आणि गायक बर्टन कमिंग्जने तिथल्या तिथे शब्द म्हटले. प्रेक्षकांतल्या एका मुलाच्या कॅसेटवर ते उतरलं होतं म्हणून टिकलं. म्हणजे मुळात मोजके स्वर, पण लांब टिकणारे. ते टिकवणारं यंत्र म्हणजे विनिपेगच्याच गार गिलीजने बनवलेला ‘हर्झॉग’ हा व्हॉल्व्हचा प्रीअँप (अँपच्या आधी जोडायचं, आवाज वाढवून जाड करणारं यंत्र). तो सहज मिळणार नाही. नेक पिकअप (गिटारच्या मानेजवळचा, तारांचा आवाज टिपणारा) निवडा, गिटारचा टोन २ ते ३ वर आणा, ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं पेडल) मध्यम ठेवा आणि त्याच्या आधी कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार सारखे करणारं पेडल) लावा. गेन १०वर नेला तर दोन स्वरांमधली शांतता गुरगुरीने भरते आणि रिफचा आकारच जातो.

‘वायवायझी’ची मोजणी अंदाजाने करणं

रश या बँडच्या या वाद्यगीताची (१९८१) सुरुवात म्हणजे टोरांटो विमानतळाचा सांकेतिक कोड, मोर्समध्ये. वाय म्हणजे डॅश-डॉट-डॅश-डॅश, झेड म्हणजे डॅश-डॅश-डॉट-डॉट. डॅशला दोन सूक्ष्म मात्रा, डॉटला एक. वाय ७, पुन्हा वाय ७, झेड ६. एकूण २०, म्हणजे चार-चारच्या पाच मात्रा. तबला शिकलेले इथे झपतालाच्या दहा मात्रा धरू बघतात. बेरीज बसते, पण २-३-२-३ चे खंड मोर्सवर बसत नाहीत आणि तिसऱ्या आवर्तनापर्यंत सम हरवते. आधी गिटार बाजूला ठेवून मेट्रोनोम ६० वर लावा. ‘दाऽ डि दाऽ दाऽ’ तोंडाने म्हणा आणि पायाने पाच मात्रा द्या. म्हणणं न अडखळता जमलं की मगच पिक हातात घ्या.

याच बँडचा गिटारवादक ॲलेक्स लाइफसन याची आणखी एक खोड लक्षात ठेवा. तो बार कॉर्डमध्ये (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून धरलेला कॉर्ड) वरच्या दोन तारा मोकळ्या सोडतो. ‘हेमिस्फिअर्स’च्या (१९७८) सुरुवातीचा कॉर्ड सहाव्या तारेपासून २-४-४-३-०-० असा आहे. सवयीने पूर्ण बार दाबला की तो साधा एफ शार्प होतो आणि सगळी चमक जाते.

‘समर ऑफ ’६९’: गॅदरिंगचं हमखास गाणं, हमखास चुका

ब्रायन ॲडम्सचं हे गाणं (अल्बम १९८४चा) आपल्याकडे कॉलेजच्या बँडला तोंडपाठ असतं, तरी सुरुवातीचा ‘डी’ बहुतेकांचा गढूळ वाजतो. कारण तळहात. तो ब्रिजला अगदी चिकटून ठेवा. पुढे सरकला तर सूर मरतो, मागे गेला तर तार मोकळी वाजते. सगळे फटके खालच्या दिशेने, आणि पाचवी-सहावी तार वाजता कामा नये. मधला टप्पा एफ–बी फ्लॅट–सी–बी फ्लॅट असा आहे. तिथे गाणं ‘डी’ सोडून ‘एफ’मध्ये जातं आणि पाठ करणारे बरेचसे तिथेच गळतात. त्या चार कॉर्डचा वेगळा रियाज करा. गाणं आत्मकथा समजून त्याचे अर्थ लावू नका. १९६९च्या उन्हाळ्यात ॲडम्स ९ वर्षांचा होता, आणि शीर्षकाच्या अर्थाबद्दल त्याचं नि सहलेखक जिम व्हॅलन्सचं आजही एकमत नाही.

‘हार्ट ऑफ गोल्ड’साठी भलताच माउथ ऑर्गन

पाठीच्या दुखण्यामुळे नील यंगला जड इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभं राहणं कठीण झालं होतं. १९७२च्या या गाण्यात बसून वाजवलेली अकूस्टिक गिटार आहे ती त्यामुळे. कडव्याचे कॉर्ड ई मायनर, सी, डी, जी. सहाही तारा सतत खरडल्या तर गाणं भजनासारखं सपाट होतं. बास तार आधी द्या, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तारा तळहाताने दाबून ‘टक’ काढा. माउथ ऑर्गन ‘जी’चा हवा. गाणं ई मायनरवर टेकतं म्हणून ‘ई’चा घेतला तर ‘जी’, ‘सी’ आणि ‘डी’च्या जागी, आणि दुकानात हाताशी असतो तो ‘सी’चा उचलला तर एफ शार्पच्या जागी पोचताच बेसूर लागेल.