नोंदणीकृत सबमशीनगन निवडताना

अमेरिकेत खासगी संग्राहकाला सबमशीनगन, म्हणजे पिस्तुलाची गोळी वापरणारी छोटी स्वयंचलित बंदूक, कायदेशीररीत्या विकत घेता येते, हे ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टने स्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली नव्हती. केंद्रीय नोंदणी सक्तीची केली आणि प्रत्येक हस्तांतरणावर २०० डॉलर कर लावला. कोंडी झाली ती १९ मे १९८६ रोजी लागू झालेल्या नव्या कायद्याने. त्या तारखेपूर्वी नोंदवलेल्या बंदुकाच सामान्य नागरिकाला घेता येतात आणि त्या साठ्यात नव्याने एकाही बंदुकीची भर पडत नाही. त्यामुळे एके काळी पत्रा वाकवून स्वस्तात बनवलेली बंदूकसुद्धा आता पाच आकडी डॉलरच्या खाली सहसा मिळत नाही.

बंदूक पाहायला जाण्यापूर्वी आपण पात्र आहोत का, हे तपासावे. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्कसारख्या राज्यांत सामान्य नागरिकाला हा छंद करताच येत नाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्याला बंदूक बाळगण्याचीच साधारणपणे मनाई आहे, ग्रीनकार्डधारकाला तशी ती नाही.

निवडीचा खरा प्रश्न मॉडेलच्या नावापाशी सुरू होत नाही. नोंदणी बंदुकीच्या नेमक्या कोणत्या तुकड्यावर आहे, हे आधी विचारावे. नळी, दस्ता, स्प्रिंग, मॅगझिन हे सारे बदलता येते. नोंदणीकृत भाग मात्र तुटला किंवा झिजला तर दुरुस्तच करावा लागतो, त्याच्या जागी नवा बसवता येत नाही. उझी या सबमशीनगनचेच उदाहरण घ्या. काही उझींमध्ये रिसीव्हर (बंदुकीचा मूळ सांगाडा) नोंदलेला असतो, काहींमध्ये फक्त बोल्ट (आत मागेपुढे धावून गोळी नळीत ढकलणारा धातूचा ठोकळा). पहिल्या प्रकारात बोल्टला तडा गेला तर दुसरा बोल्ट आणून काम भागते. दुसऱ्या प्रकारात जो भाग प्रत्येक गोळीमागे आपटतो त्याच्यावरच तुमचे सगळे पैसे लागलेले असतात. भरपूर नेमबाजी करणाऱ्याने, थोडे जास्त पैसे पडले तरी, रिसीव्हर नोंदलेली उझीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

एमपी५ च्या बाबतीत हे गणित उलटे होते. १९६८ च्या कायद्याने नागरिकांसाठी स्वयंचलित बंदुकांची आयात थांबवली. त्यामुळे बाजारात दिसणाऱ्या बहुतेक एमपी५ या एचके९४ या अर्धस्वयंचलित (चाप एकदा ओढला की एकच गोळी सोडणाऱ्या) बंदुकीवर १९८६ पूर्वी अमेरिकेतच बदल करून बनवलेल्या आहेत. त्यांतल्या काहींमध्ये केवळ सिअर (चापाला जोडलेला, गोळीबार अडवणारा वा सोडणारा छोटा भाग) नोंदलेला असतो. बोटाच्या पेराएवढा हा तुकडा एका बंदुकीतून काढून त्याच जातीच्या दुसऱ्या बंदुकीत बसवता येतो. नेमबाजाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. जुन्या मूळ वस्तूचा मोह असलेल्या संग्राहकाला मात्र त्यात फारसा रस वाटणार नाही.

यानंतर गोळीबाराच्या वेगाचा विचार करावा. एमपी४० मिनिटाला साधारण ५०० गोळ्यांच्या गतीने चालते, उझी ६०० च्या, एमपी५ ८०० च्या आणि मॅक-१० किंवा एम-११/९ हजाराच्याही पुढे. ३२ गोळ्यांचे मॅगझिन उझीत तीन सेकंदांहून थोडे अधिक टिकते. १२०० च्या गतीला ते सुमारे दीड सेकंदात संपते आणि नवख्याची नळी तोवर लक्ष्याच्या वर गेलेली असते. तरीही एम-११/९ ला नाके मुरडू नयेत. तिचा नोंदलेला भाग खालचा असल्याने जड बोल्टचा वेगळा वरचा भाग बसवून वेग बराच खाली आणता येतो, आणि या बाजारात शिरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग बहुधा तीच असते.

थॉमसन घेणाऱ्याने वजनाची तयारी ठेवावी; एम१९२८ए१ रिकामी असतानाच पाच किलोच्या जवळ जाते, मात्र त्याच वजनामुळे तिच्या .४५ च्या गोळीचा धक्का सौम्य वाटतो. ड्रम मॅगझिन लावायचे असेल तर १९२१ किंवा १९२८ चे मॉडेल हवे, कारण युद्धकाळातील एम१ आणि एम१ए१ यांना ड्रम बसत नाही. रायझिंग एम५० तुलनेने स्वस्त असते आणि बंद बोल्टमुळे (चाप ओढण्याआधीच बोल्ट पुढे येऊन थांबलेला असतो) नेमही चांगला लागतो, पण तिचे भाग कारखान्यात एकेका बंदुकीला घासून बसवलेले असत, म्हणून सुटा भाग आणला की तो जसाच्या तसा बसेलच असे नाही. स्टेनचे सुटे भाग विपुल आहेत. ती पडली तर आपोआप गोळी सुटू शकते, ही तिची जुनी ख्याती मात्र खरी आहे.

उघड्या बोल्टच्या बंदुकीत ज्यांनी पूर्वी फक्त पिस्तूल हाताळले आहे ते हमखास चुकतात. अशा बंदुकीत बोल्ट मागे अडकलेला असतो आणि पुढे धावताना मॅगझिनमधली गोळी उचलून तिथेच उडवतो. म्हणून आधी मॅगझिन काढावे, मग चेंबर (नळीतली गोळी बसण्याची जागा) डोळ्यांनी पाहावे आणि त्यानंतरच बोल्टची मूठ धरून तो हळूच पुढे न्यावा. बोल्ट मागे ओढताना हात अर्ध्यात घसरला तरी गोळी सुटू शकते. उझीत यासाठी वरच्या झाकणात दातेरी अडसर दिलेला आहे.

पाहणी करताना क्रमांकाची जागा आणि अक्षरांची ठेवण नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहावी, रिसीव्हरवर वेल्डिंगचे जोड शोधावेत, आणि एमपी५ असेल तर बोल्ट बंद करून त्याचे डोके व मागचा भाग यांच्यातील फट फीलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापकाने) मोजावी. ती ०.२५ ते ०.५० मिमी यांच्या दरम्यान असली पाहिजे. विक्रेता मोजू देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. सोबत किती मॅगझिने मिळतात तेही विचारावे, कारण बंदूक अडकण्याचे मूळ पुष्कळदा मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांत असते.

सौदा ठरला की फॉर्म ४ (हस्तांतरणाचा अर्ज), बोटांचे ठसे, छायाचित्र आणि २०० डॉलर भरायचे असतात. १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा हा कर शून्य झाला, स्वयंचलित बंदुकांवरचा तसाच राहिला. मंजुरी येईपर्यंत बंदूक विक्रेत्याकडेच राहते. मंजूर फॉर्मची प्रत नेहमी बंदुकीसोबत ठेवावी, आणि दुसऱ्या राज्यात नेमबाजीला जायचे असेल तर ५३२०.२० या फॉर्मवर आधी परवानगी घ्यावी. मालकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला फॉर्म ५ वर ती करमुक्त मिळते. मात्र कागद कुठे ठेवले आहेत हे घरात निदान एकाला तरी ठाऊक असायला हवे.