हरणाच्या मांसाचं मिन्समीट: पायचं सारण घरी कसं करावं

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, व्हरमाँट, न्यूयॉर्क राज्याचा उत्तर भाग या पट्ट्यात नोव्हेंबरअखेर शिकार करणाऱ्या घरांचे फ्रीझर पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या मांसाने भरतात. मांड्या आणि पाठीचं मांस रोस्ट-स्टेकला जातं. मान, खांदा आणि नळ्यांवरचं चिवट मांस उरतं, आणि नाताळच्या पायचं (pie, म्हणजे पारीत सारण भरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) मिन्समीट, म्हणजे सारण, त्याच मांसाचं उत्तम होतं. दुकानातल्या बाटलीबंद मिन्समीटमध्ये आता बहुधा मांस नसतंच, नुसता सुकामेवा आणि मसाला असतो. जुन्या पद्धतीचं सारण हवं असेल तर ते घरीच करावं लागतं.

अमेरिकेत शिकारीचं मांस विकता येत नाही. ते शेजाऱ्याकडून किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याकडून भेट म्हणून येतं, आणि दुकानात मिळतं ते पाळीव हरणाचं, पुष्कळदा न्यूझीलंडहून आलेलं. दोन्ही चालतात. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद आहे आणि ते मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. तिकडे हीच कृती बोकडाच्या मटणाची करावी.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसू द्या: हे सारण गोड लागलं, त्यात मनुका-दालचिनी असली, तरी ते मांस आहे. मुरांब्यासारखं बरणीत भरून फडताळात ठेवायची ही वस्तू नाही.

मांस साफ करणं

बिघडलेल्या मिन्समीटची निम्मी कारणं इथे असतात. हरणाची स्वतःची चरबी एकूण एक काढून टाका. ती इतकी कडक असते की तोंडाच्या उष्णतेनेही नीट वितळत नाही, टाळूला मेणासारखी चिकटते, आणि फ्रीझरमध्येही लवकर खवट होते. ‘रानटी वास येतो’ म्हणून लोक जी तक्रार करतात ती बहुतेक वेळा या चरबीची असते, मांसाची नव्हे. त्यासोबत मांसावरचे चंदेरी पापुद्रे आणि जाड शिराही सुरीने सोलून काढा. सुरीची धार किंचित वर ठेवून पापुद्रा ताणत न्यायचा, म्हणजे मांस वाया जात नाही.

गोळी लागली त्या जागेभोवतीचं मांस हात आखडता न घेता कापून टाका. शिशाची गोळी फुटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर जातात, आणि खिमा केल्यावर ते शोधणं अशक्य. मान वापरत असाल तर मांस हाडावरून सोडवून घ्या, मणक्याला सुरी वा करवत लावू नका. हरणांमधला क्रॉनिक वेस्टिंग हा मेंदूचा रोग ज्या भागात आढळला आहे तिथलं जनावर असेल, तर तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत मांस शिजवायचं नाही, आणि रोग निघाला तर खायचं नाही. शिजवून त्या रोगाचा दोष जात नाही.

प्रमाण

पुढचं माप अमेरिकी कृषी खात्याच्या तपासलेल्या कृतीच्या बरोबर निम्मं आहे. यात साधारण साडेतीन क्वार्ट, म्हणजे सव्वातीन लिटर सारण होतं. नऊ इंची पायला एक क्वार्ट लागतं.

हरणाचा खिमा २ पौंड (९०० ग्रॅम)
डुकराच्या मांसाचं साधं सॉसेज अर्धा पौंड (२२५ ग्रॅम), वरचं आवरण काढून
बीफची गुर्द्याभोवतीची चरबी, बारीक चिरून १ कप
आंबट सफरचंदं, सोलून चिरून १० कप
काळे बेदाणे १ पौंड (४५० ग्रॅम)
पिवळे बेदाणे अर्धा पौंड (२२५ ग्रॅम)
सफरचंदाचा ताजा गढूळ रस, मद्य नसलेला, १ क्वार्ट (९५० मिली)
साखर अडीच कप (५०० ग्रॅम)
दालचिनी पूड १ मोठा चमचा
जायफळ पूड १ छोटा चमचा
मीठ १ मोठा चमचा

हरणाचं मांस फार कोरडं असतं, म्हणून सॉसेज. सेज (एक उग्र वासाचा पाला) किंवा बडीशेप घातलेलं घेऊ नका, तो वास सगळ्या पायभर पसरतो. सफरचंदात ग्रॅनी स्मिथ चालतं, नॉर्दर्न स्पाय मिळालं तर त्याहून चांगलं. गोड, रवाळ सफरचंदांचा एक तासात गाळ होतो आणि सारण नुसतं गोडमिट्ट लागतं. लवंग आणि ऑलस्पाइस मूळ मापात नाहीत, पण अर्धा-अर्धा छोटा चमचा पूड जरूर घाला. कोरडा मसाला कमी-जास्त केल्याने बाटलीबंद करण्याच्या सुरक्षिततेत फरक पडत नाही.

बीफ किंवा डुकराचं मांस चालत नसेल तर चरबीच्या जागी बोकडाच्या गुर्द्याची चरबी घ्या आणि सॉसेज गाळा. ही चरबी सारण गार झाल्यावर पुन्हा आळते आणि त्याला बांधून ठेवते. लोण्याने चव छान येते, पण सारण ढिलं राहतं. मात्र असा बदल केलेलं सारण फक्त फ्रीझरमध्ये ठेवायचं. बोकडाच्या मटणाचं सारणही त्यातच आलं. महाराष्ट्रात करताना बाजारातली हिरवी सफरचंदं घ्या, नाहीतर हिमाचलच्या लाल सफरचंदांत दोन लिंबांचा रस पिळा, आणि रस बिनसाखरेचा वापरा.

शिजवणं

खिमा, सॉसेज आणि चरबी जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात घ्या, बुडेल इतकंच पाणी घाला आणि मंद आचेवर शिजवा. आपला हात सवयीने खिमा परतायला जातो, तो इथे आवरायचा. परतलेल्या खिम्याचे कण कडक होतात आणि नंतर तासभर रसात शिजले तरी दाताखाली वाळूसारखे येतात. पाण्यात शिजलेला खिमा राखाडी, बेंगरूळ दिसतो, पण मऊ राहतो. गुठळ्या लाकडी उलथन्याने मोडत राहा. लाल रंग पूर्ण गेला, आतलं तापमान १६० अंश फॅरनहाइटच्या (७१ सेल्सियस) वर गेलं, की उतरवा आणि पाणी गाळून घ्या.

आता मांस, चरबी आणि सफरचंदं खिम्याच्या यंत्रातून मध्यम जाळीने काढा. बारीक जाळी लावलीत किंवा मिक्सरमध्ये फिरवलंत तर लगदा होतो, आणि मिन्समीटमध्ये सफरचंदाचा कण आणि मांसाचा कण वेगवेगळा जाणवायला हवा. यंत्र नसेल तर मोठ्या सुरीने फळीवर चिरा. वेळ लागतो, पण काम वाईट होत नाही.

हे सगळं आणि बाकीच्या जिनसा पातेल्यात एकत्र करा. एक उकळी आली की आच मंद करून साधारण एक तास उघडंच शिजू द्या. पहिली वीस मिनिटं ते पातळ रश्श्यासारखं दिसेल, घाबरून रस काढू नका. बेदाणे हळूहळू टम्म फुगतात, सफरचंदाच्या कडा विरघळतात, रंग मातकट तपकिरी होत जातो. शेवटच्या वीस मिनिटांत तळाशी नजर ठेवायची. साखर आणि बेदाणे खाली बसून लागतात, आणि करपल्याचा वास एकदा धरला की तो कोणत्याही मसाल्याने जात नाही. चमच्याने तळ खरवडला की वाट क्षणभर मोकळी राहून मग रस सावकाश भरून यावा, इतका दाटपणा पुरे. गार झाल्यावर ते आणखी आळतं. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालू नका.

मीठ-साखर गरम असताना चाखू नका. थोडं सारण बशीत घेऊन गार करा आणि मग ठरवा.

ठेवणं

पूर्वी हे सारण ब्रँडी ओतून मातीच्या बरणीत, थंड तळघरात महिनोन्‌महिने ठेवत. ते आता करू नये. एवढ्याशा ब्रँडीने, साखरेने किंवा लिंबाने बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू रोखले जात नाहीत. त्यांचं विष चवीला वा वासाला कळेलच असं नाही.

सोपा मार्ग फ्रीझरचा. उथळ परातीत पसरून लवकर गार करा आणि रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्या. मसाला दुसऱ्या दिवशीच खरा लागतो. मग चार-चार कप पिशव्यांत भरून, हवा काढून, आडव्या सपाट गोठवा. फ्रीजमध्ये ते तीन-चार दिवस टिकतं, फ्रीझरमध्ये पाच-सहा महिने चव चांगली राहते.

बाहेर टिकवायचं असेल तर प्रेशर कॅनरला, म्हणजे भरलेल्या बाटल्या दाबाखालच्या वाफेत तापवायच्या भांड्याला, पर्याय नाही. बाटल्या नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवून भागत नाही, कारण पाणी २१२ अंशांवर थांबतं आणि बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू मारायला २४० अंश फॅरनहाइट लागतात. घरातला शिट्टीचा कुकर आणि इन्स्टंट पॉट हा विजेवरचा कुकर दोन्ही या कामाचे नाहीत. कॅनरच्या तापण्या-निवण्याचा वेळही हिशेबात धरलेला असतो, शिट्ट्या मोजून तो जुळत नाही.

कढत सारण क्वार्टच्या स्वच्छ, गरम बाटल्यांत भरा, वर एक इंच जागा सोडा, बुडबुडे काढा, काठ ओल्या फडक्याने पुसून झाकणं लावा. काठावर तुपकट थेंब राहिला तर झाकण धरत नाही. कॅनरमधून दहा मिनिटं वाफ जाऊ द्या, मग दाब चढवा. वजनाचा कॅनर असेल तर समुद्रसपाटीपासून १,००० फुटांपर्यंत १० पौंड, त्यावर १५ पौंड. काट्याचा असेल तर २,००० फुटांपर्यंत ११ पौंड, ४,००० पर्यंत १२, ६,००० पर्यंत १३, ८,००० पर्यंत १४. डेन्व्हरमध्ये राहणाऱ्याने काट्यावर १३ धरावेत. वेळ ९० मिनिटं. मध्येच दाब खाली गेला तर तो पुन्हा चढवून ९० मिनिटं पहिल्यापासून मोजायची. शेवटी कॅनर आपोआप निवू द्या. घाईने वाफ सोडली की रस बाटल्यांतून बाहेर ओढला जातो. गार बाटलीत वर पांढरा थर दिसेल, ती चरबी आहे, दोष नाही.

पाय भाजताना

सारण फ्रीजमधून काढलेलं गारच भरा. गरम भरलं तर पारीतलं लोणी भाजण्याआधी वितळतं आणि तळ कच्चा, ओला राहतो. ब्रँडी किंवा रम घालायची ती आत्ता, पायमागे दोन मोठे चमचे. सारण फार ओलं वाटलं तर आधी कढईत पाच मिनिटं आटवा. वरची पारी लावून तिला चार-पाच चिरा द्या.

ओव्हनमध्ये खालच्या कप्प्यात रिकामा ट्रे आधीच तापवून त्यावर पाय ठेवा. ४२५ अंश फॅरनहाइटवर १५ मिनिटं, मग ३५० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, चिरांतून रस खदखदताना दिसेपर्यंत. कडा आधीच काळ्या होऊ लागल्या तर त्यांच्यावर फॉइलची पट्टी लावा. कापण्याआधी निदान दोन तास निवू द्यावा असं वाटतं, पण मांसाचा पाय दोन तासांहून जास्त बाहेर ठेवायचा नाही. तेव्हा तास-दीड तासाने कोमट असतानाच वाढा आणि उरलेला लगेच फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्येच गरम करा, सारण मध्यभागी १६५ अंशांपर्यंत तापेल असं. मायक्रोवेव्हमध्ये पारी चामट होते.