बागेतल्या तळ्याच्या तळाशी काय घालावं?

खानदेशात हाताशी असते ती काळी माती. ती तळ्यात मोकळी पसरू नका. ती अतिशय बारीक असते. मासे हलले की पाणी गढूळ होतं आणि दिवसभर निवळत नाही. कमळासाठी मात्र तिच्यासारखी माती नाही. शेणखत न घालता ती पसरट कुंडीत भरा आणि वर दोन बोटं जाड वाळू द्या. खत घातलंत, तर मे महिन्याच्या उन्हात पाणी हिरवं झालंच म्हणून समजा.

उरलेल्या तळासाठी नदीचे गोल गोटे घ्या, १० ते २० मिलिमीटरचे. तापी-गिरणेची वाळू चाळल्यावर वर उरतात, तेच. क्रशरची खडी टोकदार असते, शेततळ्यात अंथरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा फाडते. गोट्यांत पांढरे खडे दिसले तर लिंबू पिळून पाहा. फेस आला की ती चुनखडी, वेचून टाका. आपल्या बोअरचं पाणी बऱ्याचदा आधीच जड असतं, त्यात आणखी भर नको.

थर ४ सेंटिमीटर पुरे. २ बाय १.५ मीटर तळाला ०.१२ घनमीटर, म्हणजे साधारण १९० किलो. धुवायचा कंटाळा करू नका. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. जाड थरात घाण अडकते, तिथे हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. मासे भरपूर असतील तर तळ उघडाच ठेवा, गाळ काढणं सोपं जातं. पंपाखाली वीट ठेवा.