जुन्या पिकअपचा हँडब्रेक सुटत नसेल तर आधी नटाला हात लावू नका

लिव्हर खाली केला तरी मागचं चाक जड फिरतं, थोडं अंतर गेलं की ड्रम (चाकातलं ब्रेकचं गोल भांडं) तापतो आणि लायनर (ब्रेकच्या शूवरचा घासला जाणारा थर) जळाल्याचा वास सुटतो. जुन्या बोलेरो किंवा टाटा 207 पिकअपला पावसाळ्यात हे नेहमीचंच. मासळीच्या गाड्यांना तर एरवीही होतं, कारण बर्फाचं खारट पाणी हौद्यातून खाली केबलवर गळत राहतं. यावर जो तो सांगतो, "हँडब्रेकची केबल ताणायचा खालचा नट फिरव आणि तेल मार." असं अजिबात करू नका. दोष कुठे आहे ते कळण्याआधी नट फिरवला, तर तो शोधायची खूणच पुसली जाते.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गियर न्यूट्रलला ठेवा, मागची बाजू स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

खरा वेळ जातो तो दोष नेमका कुठे आहे हे शोधण्यात. मलाही पूर्वी इथेच अडायला व्हायचं. आता मी ठरलेल्या क्रमानेच जातो. अडकलेल्या बाजूची केबल गाडीखाली जिथे जोडलेली असते तिथून मोकळी करायची. चाक लगेच सुटलं, तर दोष लिव्हरकडे आहे किंवा कोणीतरी केबल जास्त आवळून ठेवली आहे. सुटलं नाही, तर त्या चाकाचा ब्लीड स्क्रू (ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) अर्धा फेरा सैल करा. त्याने चाक मोकळं झालं, तर हँडब्रेकचा काही संबंध नाही. ब्रेक ऑइलचा दाब परत जात नाही, म्हणून होज (ऑइलचा रबरी पाइप) आणि मास्टर सिलिंडर (ब्रेक पेडलजवळचा, ऑइलला दाब देणारा सिलिंडर) बघा. तरीही चाक जडच असेल, तर मगच ड्रम उघडा.

ड्रमला आतून झिजेची कड आलेली असते आणि शू (ड्रमला आतून घासणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) तिच्यात अडतात. आधी मागच्या प्लेटच्या भोकातून अॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा भाग) सैल करा. ड्रमच्या कडेवर घाव घालू नका, बीड (ओतीव लोखंड) तडकतं. आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवणाऱ्यांचा मला राग येतो. जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्यानेच पुसा.

आता केबल ड्रमच्या आतल्या, शू ढकलणाऱ्या लिव्हरपासून सोडवा आणि दोन्ही वेगवेगळे हलवून बघा. लिव्हरची पिन गंजली असेल तर पॉलिश पेपरने घासा आणि जास्त तापमान सोसणारं ग्रीस अगदी नावापुरतं लावा. केबल आवरणातच जाम असेल तर नवी टाका. तेलाने ती चार दिवस सरकते, मग त्याच तेलाला धूळ चिकटते, आणि ते आत झिरपलं तर लायनरही वाया जातात. स्प्रिंगा ढिल्या असतील तर त्याही बदला.

ड्रम बसवल्यावर आधी शू अॅडजस्ट करायचे, केबल शेवटी. झिजलेल्या शूंची कसर केबल आवळून काढली, की आतला लिव्हर मूळ जागी परत येत नाही आणि चाक पुन्हा घासायला लागतं. जड चाकांची निम्मी दुखणी या आवळण्यातूनच येतात असं माझं ठाम मत आहे. शू ड्रमला किंचित लागेपर्यंत अॅडजस्टर फिरवा, पायाचा ब्रेक काही वेळा दाबा, मग केबलचा ढिलेपणा तेवढा काढा. हँडब्रेक ओढताना साधारण 5 ते 7 दात्यांत (कटकट आवाजांत) चाक धरलं पाहिजे आणि लिव्हर खाली करताच हाताने सहज फिरलं पाहिजे.

पावसाळ्यात सपाट जागी रात्रभर गाडी ठेवताना हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गियरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा.