जुन्या गाडीचा टोटल लॉस: पूर्ण आयडीव्ही कशी मिळवली

खंबाटकी घाटात ट्रकने मागून ठोकलं आणि आमची बारा वर्षांची गाडी गेली. घरातली माणसं सुखरूप आहेत, हे आधी सांगतो.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या विमा किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान, धरतात. साताऱ्यात पाहणीला आलेले विमा कंपनीचे सर्व्हेअर म्हणाले, "साहेब, गाडी जुनी आहे, घसारा कापावा लागेल." इथे अजिबात मान हलवू नका. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही पॉलिसी घेताना कंपनी आणि गाडीमालक दोघांच्या संमतीनेच ठरते. टोटल लॉसमध्ये तीच रक्कम बाजारभाव मानायची, पुन्हा घसारा लावायचा नाही, हे पॉलिसीच्या अटींतच छापलेलं असतं. सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातला आपण स्वतः सोसायचा ठरलेला भाग, तेवढी जाते. १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये.

ते कलम जोडून मी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यांना ईमेल केला, सर्व्हे रिपोर्टची प्रतही मागितली. फोनवरच्या बोलण्याला काही अर्थ नसतो, सगळं लेखी हवं.

गाडी आपल्याकडे ठेवली तर भंगाराची किंमत कापतात. कंपनीचा आकडा अवाच्या सवा होता. कराडच्या भंगारवाल्यांचे दर बरेच कमी निघाले, म्हणून कळवलं, "गाडी तुम्हीच न्या." वजावट सोडून पूर्ण रक्कम खात्यावर आली.

महिनाभरात कंपनीचं समाधानकारक उत्तर नाही आलं, तर पुण्यात विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येतं. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.